विसरण्याआधी बदलतो तो स्वभाव

गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात ज्येष्ठांच्या आणि त्यांच्यात वावरणाऱ्या लोकांच्या काही बैठका झाल्या. डॉ. विक्रम पटेल आणि लंडनचे डॉ. मार्टिन प्रिन्स यांच्या एका अभ्यासाचा तो भाग होता. बैठकीत दोन वृद्धांचं वर्णन समोर ठेवलं जाई. एकाचं सगळं विस्मरणात चाललेलं. दुसऱ्याचं मन कशातच लागत नाही, झोप उडालेली, जगण्यात गोडी उरलेली नाही. मग प्रश्न यायचे. असं माणूस तुमच्या पाहण्यात आहे का? हे कशामुळे होतं? अशा माणसाला कुठे नेता?

लोकांनी दोघांनाही चटकन ओळखलं. आजार मात्र कुणी म्हणेना. विसरणं म्हणजे वय झालं, इतकंच. शिवाय एक उत्तर जिव्हारी लागणारं होतं: पोरांनी हाल केले, विचारपूस सोडली, माया आटली, म्हणून म्हातारं माणूस असं झालं. 2001 साली 'सायकॉलॉजिकल मेडिसिन' या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला, तेव्हा आपल्याकडच्या एका लाडक्या समजुतीलाही धक्का बसला. भारतात म्हाताऱ्यांना कुटुंब सांभाळतं, अशी आपली खात्री असते. प्रत्यक्षात तो आधार सांगतात तितका भरवशाचा नव्हता. पुष्कळदा सेवा होत होती ती जमीनजुमला आपल्या नावावर होईल या आशेवर. घराबाहेर मदतीची सोय जवळजवळ नव्हतीच, आणि आपण उद्या कुणावर ओझं होऊन पडू ही धास्ती बहुतेक ज्येष्ठांच्या मनात होती.

गोव्यात हा प्रश्न लवकर उभा राहिला याला कारण आहे. 2011च्या जनगणनेत साठीपुढच्या लोकांचं प्रमाण केरळात सर्वाधिक, 12.6 टक्के होतं, आणि त्याखालोखाल गोव्यात 11.2 टक्के. मुलंबाळं नोकरीसाठी मुंबईला, आखातात, पोर्तुगालला गेलेली आणि घरात दोन म्हातारे जीव, हे चित्र इतर राज्यांच्या आधी तिथे दिसू लागलं होतं.

स्मृतिभ्रंश म्हटला की आपल्याला आठवतो तो विसराळूपणा. घरच्यांच्या नाकी नऊ येतात ते मात्र वेगळ्याच गोष्टींनी. सुनेवर चोरीचा आळ, जन्मभर शांत असलेल्या माणसाची आरडाओरड, मध्यरात्री दार उघडून निघून जाणं, दिवसचे दिवस खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहणं. मनःस्थिती आणि वागणूक यांतले हे बदल या आजाराच्या इतिहासात पहिल्या दिवसापासून नोंदलेले आहेत. मधली कित्येक दशकं ते मागे पडले, आणि आता मेंदूतल्या व रक्तातल्या जैविक खुणांच्या अभ्यासानेच त्यांना पुन्हा पुढे आणलं आहे. या इतिहासातलं एक मोलाचं पान गोव्याच्या तिसवाडी आणि बार्देस तालुक्यांत लिहिलं गेलं. ते समजायला आधी फ्रँकफुर्टला जावं लागतं.

पहिली तक्रार मत्सराची

25 नोव्हेंबर 1901 रोजी फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची 51 वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून होता. त्याने डॉक्टरांना सांगितलेल्या हकिगतीत पहिला बदल विसरण्याचा नव्हता. बायको अचानक मत्सर करू लागली, नवऱ्याचं शेजारणीशी काहीतरी आहे असा संशय घेऊ लागली. स्वयंपाकात चुका, घरभर निरुद्देश फिरणं, वस्तू लपवून ठेवणं, लोक आपल्याविषयीच बोलतात असं वाटणं हे सगळं त्याच्या मागोमाग आलं.

तिला तपासणारे डॉ. अलॉइस अल्झायमर तेव्हा 37 वर्षांचे होते. त्यांनी प्रश्नोत्तरं शब्दशः टिपून ठेवली. दुपारच्या जेवणात ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात होती. काय खातेस, असं विचारल्यावर तिने पालक असं सांगितलं. नाव लिही म्हटल्यावर पहिला शब्द कसाबसा लिहिला आणि पुढचं विसरली. अल्झायमर पुढे म्युनिकला गेले, पण या बाईची खबर त्यांनी ठेवली. 8 एप्रिल 1906 रोजी ती वारल्यावर तिचा मेंदू त्यांनी मागवून घेतला. चांदीच्या क्षारांनी ऊती रंगवण्याची नवी पद्धत तेव्हा हाताशी आली होती. तिच्या साह्याने सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साचलेले गोळे आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता. 3 नोव्हेंबर 1906 रोजी ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडलं. श्रोत्यांतून एकही प्रश्न आला नाही. 1910 साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

नाव मिळालं, पण ते पन्नाशी-साठीतल्या थोड्या रुग्णांपुरतं राहिलं. सत्तर-ऐंशीच्या माणसाला तेच झालं तर ते म्हातारपण. गोव्यातल्या बैठकांत लोकांनी जे सांगितलं तेच युरोपातले डॉक्टरही पन्नास वर्षं मानत आले होते.

उदासी वेगळी, भ्रंश वेगळा

पुढचं वळण 1955 सालचं. इंग्लंडमध्ये मनोरुग्णालयांचे वॉर्ड म्हाताऱ्यांनी भरलेले होते आणि बहुतेकांवर एकच शिक्का असे, मेंदू झिजला. ग्रेलिंगवेल रुग्णालयात डॉ. मार्टिन रॉथ यांनी साठीपुढच्या रुग्णांच्या जुन्या नोंदी काढल्या आणि दाखल झाल्यानंतर सहा महिन्यांनी व दोन वर्षांनी त्यांचं काय झालं ते पाहिलं. दोन वाटा स्पष्ट दिसल्या. ज्यांचा आजार मुळात खोल उदासीचा होता त्यांतले पुष्कळसे बरे होऊन घरी गेले होते. ज्यांना खरा भ्रंश होता त्यांतले बरेच दगावले होते.

या एका अभ्यासाने असंख्य वृद्धांचं भलं केलं. म्हातारपणची उदासी हा उपचाराने बरा होणारा आजार आहे, तिला मेंदू झिजल्याची खूण समजून माणूस सोडून देऊ नये, हे त्यातून ठरलं. ही शिकवण आजही पहिली आहे. पण तिच्या आडून एक समजूतही घट्ट झाली: उदासी एका खणात, भ्रंश दुसऱ्या खणात. दोहोंच्या मधल्या प्रदेशाकडे फारसं कुणी पाहीना.

रॉथ पुढे न्यूकॅसलला गेले. तिथे ब्लेस्ड आणि टॉमलिन्सन यांच्यासह त्यांनी वृद्धांची हयातीतली स्थिती आणि मृत्यूनंतर मेंदूत सापडलेले गोळे यांचा मेळ घातला. 1968 सालच्या त्या निबंधाने दाखवलं की गोळे जितके जास्त तितका भ्रंश गंभीर. यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हयातीतली स्थिती मोजताना त्यांनी घरच्यांना विचारलं होतं: रोजची कामं जमतात का, सवयी सुटल्या का, स्वभाव पालटला का? सूक्ष्मदर्शकातल्या गोळ्यांना जोड मिळाली ती नातेवाइकांच्या साक्षीची. 1976 साली अमेरिकी मज्जातज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठामपणे लिहिलं की पन्नाशीतला अल्झायमर आणि ऐंशीतला भ्रंश हे एकच. विरळा मानलेला आजार एका फटक्यात जगातल्या मोठ्या आजारांच्या रांगेत आला.

जिवंत माणसातली खूण

आता अडचण अशी की गोळे आणि गुंते दिसायचे ते माणूस गेल्यावर. जिवंतपणी ते ओळखायचे कसे? 1984 साली कॅलिफोर्नियात जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी रुग्णांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांतून एक प्रथिन वेगळं काढलं. तेच अमिलॉइड-बीटा, गोळ्यांचा मुख्य माल. दोनच वर्षांत गुंत्यातल्या प्रथिनाचीही ओळख पटली, ते टाउ. नव्वदच्या दशकात ही दोन्ही प्रथिनं पाठीच्या कण्यातल्या पाण्यात मोजता येऊ लागली. अमिलॉइडचा 42 दुव्यांचा प्रकार मेंदूत अडकून बसल्यामुळे पाण्यात कमी उतरतो. टाउ मात्र पाण्यात वाढलेलं सापडतं. एक आकडा खाली आणि दुसरा वर, ही या आजाराची रासायनिक सही ठरली.

मग पिट्सबर्गच्या विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी अमिलॉइडला चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य तयार केलं. 2002 साली स्वीडनच्या उप्सालात ते पहिल्यांदा एका रुग्णाला टोचलं आणि पेट स्कॅनच्या पडद्यावर जिवंत मेंदूतला साठा उजळला. 2004 साली हे काम प्रसिद्ध झालं. पुढे हजारो लोकांचे स्कॅन झाले तेव्हा कळलं की हा साठा विसरणं सुरू होण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून जमू लागतो. चालते-बोलते, हिशेब चोख ठेवणारे कितीतरी वृद्ध मेंदूत अमिलॉइड घेऊन वावरत असतात. त्यांतल्या सगळ्यांना भ्रंश होतो असंही नाही.

याच काळात वागणुकीचं मोजमापही शास्त्रशुद्ध झालं. 1994 साली अमेरिकेत जेफ्री कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली तयार केली, आज ती एनपीआय या नावाने जगभर वापरतात. भ्रम, भास, आक्रमकपणा, उदासी, चिंता, नको इतका आनंद, निरिच्छपणा, ताळतंत्र सुटणं, चिडचिड, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणं, झोप आणि खाणं अशा 12 बाबींवर सांभाळणाऱ्या माणसाला विचारायचं. किती वेळा होतं, किती जोरात होतं? आणि शेवटी: याचा तुम्हाला स्वतःला किती त्रास होतो, शून्य ते पाच? या शेवटच्या प्रश्नाने सांभाळणाऱ्याची झीजही आकड्यात उतरली.

कोचीतला आकडा

या सगळ्यात भारत कुठे होता? हरियाणातल्या बल्लभगडमध्ये भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासाने 55 वर्षांपुढच्या पाच हजारांहून अधिक खेडुतांची पाहणी केली. त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आज तारीख काय, शंभरातून सात वजा करा, असे पाश्चात्त्य कसोटीतले प्रश्न तिथे फुकट होते. म्हणून निरक्षर माणसाची स्मृती जोखणारी हिंदी कसोटी बनवावी लागली. 1998 साली जाहीर झालेलं उत्तर आश्चर्याचं होतं: 65 वर्षांपुढच्यांत भ्रंश जेमतेम 1.36 टक्के, जगातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक. मुंबईत डॉ. वास आणि सहकाऱ्यांच्या 2001 सालच्या पाहणीत हेच प्रमाण 2.44 टक्के निघालं.

भारतीयांना हा आजार कमी होतो की आपल्याला तो दिसतच नाही? 1998 साली कोचीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत संशोधकांचा एक गट याच प्रश्नावर एकत्र आला. त्याने आपलं नावच आकड्यांत ठेवलं, 10/66. भ्रंश झालेल्यांपैकी 66 टक्के लोक विकसनशील देशांत राहतात आणि त्यांच्यावर होणारं संशोधन मात्र दहा टक्क्यांहून कमी, असा त्याचा अर्थ. मार्टिन प्रिन्स या गटाचे सूत्रधार, गोव्याचे विक्रम पटेल त्यात, केरळचे डॉ. के. एस. शाजीही त्यात. गरीब देशांतल्या घरांत वागणुकीच्या तक्रारी कमी असतील हा समजही या गटाने मोडून काढला. त्यांनी पाहिलेल्या 555 रुग्णांपैकी जवळपास सत्तर टक्क्यांमध्ये यातली एक ना एक तक्रार होतीच. पुढे राष्ट्रीय पातळीवरच्या लासी-डॅड पाहणीतून 2023 साली जो अंदाज आला तो 60 वर्षांपुढच्यांत 7.4 टक्के, म्हणजे 88 लाख माणसं, आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. आजार होता, आपली नजर नव्हती.

तिसवाडी आणि बार्देसमधली घरं

पटेल आणि सहकाऱ्यांनी 1996 साली गोव्यात 'संगथ' ही संस्था काढली होती. गोवा मेडिकल कॉलेजच्या रोगप्रतिबंधक विभागातले डॉ. अमित डायस यांनी या मंडळींसोबत एक साधी, पण तोवर विकसनशील देशांत शास्त्रीय कसोटीवर न तपासलेली गोष्ट करून पाहायचं ठरवलं. मानसोपचारतज्ज्ञ मोजके, स्मृती-दवाखाने नाहीत, वृद्धाश्रम भ्रंश झालेल्याला घेत नाहीत. मग घरी जाणारी माणसंच तयार केली तर?

अट मोठी नव्हती. स्थानिक भाषा यावी, शक्यतो बारावी झालेली असावी, म्हाताऱ्या माणसांत रमणारा स्वभाव असावा. अशा गृहसेवा सल्लागारांना एक आठवडा कसून शिकवलं. बराचसा भाग नाट्यातून: एकाने रुग्ण व्हायचं, एकाने सून, एकाने सल्लागार. त्यांच्या पाठीशी एक समुपदेशक आणि एक मानसोपचारतज्ज्ञ. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना विचारून रुग्ण शोधले गेले. सौम्य ते मध्यम भ्रंश असलेली 81 कुटुंबं मिळाली. 41 घरांत सल्लागार लगेच जाऊ लागला. उरलेल्या 40 घरांना आजाराची माहिती देऊन, सल्लागाराची पाळी सहा महिन्यांनी येईल असं सांगितलं.

पंधरवड्यातून किमान एकदा भेट. त्यात करायचं काय? आधी आजाराचं नाव सांगायचं आणि तो कुणाच्या पापाचं फळ नाही, मुलांच्या दुर्लक्षाने झालेला नाही हे समजवायचं. मग एकेका तक्रारीला हात घालायचा. आजी संध्याकाळी 'मला घरी जायचंय' म्हणून दारात उभ्या राहतात. हेच आपलं घर, असं दहादा सांगून काही होत नाही, उलट त्या चवताळतात. सल्लागार सुनेला सांगणार की वाद घालू नका, हाताला धरून अंगणात एक फेरी मारा, चहा द्या, माहेरच्या गोष्टी काढा. रात्री झोप नाही, तर दुपारची डुलकी कमी करा, सकाळी उन्हात बसवा. लघवीला जाता येत नाही म्हणून तर अस्वस्थ नाहीत ना, कुठे दुखत तर नाही ना, हे बघा. सगळा भार एकाच बाईवर असेल तर नणंद, दीर, मुलगा यांना एकत्र बसवून वाटणी करा. निराधार पेन्शनसारख्या सरकारी योजनांचे अर्ज भरून द्या. जिथे हे पुरलं नाही तिथे डॉक्टर येऊन औषध सुरू करणार.

जून 2008 मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात निकाल आला. सहा महिन्यांनंतर सल्लागार ज्या घरांत जात होता तिथल्या सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारलं होतं. रुग्णाच्या वागण्याचा होणारा त्रास, एनपीआयमधला तो शेवटचा प्रश्न, तोही उतरला होता. रुग्णाच्या वागण्यातली सुधारणा मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतकी नव्हती. संशोधकांनी ते जसंच्या तसं नोंदवलं. मला या निकालाचं मोल इथेच वाटतं. आजार हटला नाही, घर सावरलं. पूर्ण बरं करणारं औषध नसलेल्या आजारात हे यश लहान नाही.

मराठी प्रेक्षकाला हीच गोष्ट पडद्यावर दिसली 'अस्तु'मध्ये. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, भ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली. हत्तीच्या मागे निघून गेलेल्या त्या म्हाताऱ्याला माहुताची बायको लेकरासारखं सांभाळते. तिला आजाराचं नाव ठाऊक नाही, पण त्याच्याशी भांडायचं नसतं हे कळतं. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

गोव्यातल्या मंडळींनी पुढे मनःस्थितीचा धागा आणखी मागून पकडला. उदासीचा आजार अजून जडलेला नाही, पण लक्षणं डोकावू लागली आहेत अशा साठीपुढच्या 181 जणांना घेऊन नवा अभ्यास झाला. इथेही काम प्रशिक्षित सामान्य माणसांचंच: रोजच्या अडचणी सोडवायची रीत शिकवणं, झोपेची शिस्त, मधुमेहासारख्या आजारांची काळजी, योजनांचा लाभ मिळवून देणं. 2019 साली 'जामा सायकिअ‍ॅट्री'त आकडे आले. वर्षभरात या गटातल्या 4.40 टक्के लोकांना नैराश्य जडलं, नेहमीची सेवा मिळालेल्या गटात 14.44 टक्क्यांना. डॉ. डायस या अभ्यासाचेही पहिले लेखक.

दोन धागे जुळतात

गोव्यात हे चालू असताना बोस्टनमध्ये स्मृती शाबूत असलेल्या 270 वृद्धांचे स्कॅन करून पाच वर्षांपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. 2018 साली डॉ. नॅन्सी डोनोव्हन आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की ज्यांच्या मेंदूत सुरुवातीला अमिलॉइड जास्त होतं त्यांच्यात पुढच्या वर्षांत चिंता आणि उदासीची लक्षणं अधिक वाढत गेली, विशेषतः चिंता. त्याच्या दोन वर्षं आधी कॅनडाचे डॉ. झाहिनूर इस्माईल आणि सहकाऱ्यांनी वागणुकीतल्या सौम्य बिघाडाचे निकष मांडले होते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच दिसलेला आणि किमान सहा महिने टिकलेला बदल, मग तो उत्साह मावळण्याचा असो, मनःस्थितीचा असो, संयम सुटण्याचा असो, लोकलाज जाण्याचा असो की खोट्या समजुतींचा. असा बदल हा विसरण्याच्याही आधीचा इशारा असू शकतो. रॉथ यांनी वेगळे केलेले दोन खण आतून जोडलेले निघाले, आणि ऑगस्टेच्या नवऱ्याने सांगितलेली पहिली तक्रार शंभर वर्षांनी शास्त्राच्या मुख्य प्रवाहात आली.

2020 साली रक्तातलं पी-टाउ217 हे प्रथिन अल्झायमर बऱ्याच अचूकपणे ओळखतं हे सिद्ध झालं. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर आधारलेल्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली, 55 वर्षांपुढच्या आणि लक्षणं असलेल्या लोकांसाठी, तीही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. कण्यात सुई नको, लाखमोलाचं स्कॅन नको. ही चाचणी आज ना उद्या आपल्या शहरांत सर्रास होईल.

म्हणूनच इथे सावध राहायला हवं. उतारवयातल्या बहुतेक उदास माणसांना अल्झायमर नसतो. जोडीदार गेला, कान गेले, पेन्शन तोकडी पडली, थायरॉइड बिघडलं, बी-12 कमी झालं, एखादं औषध मानवलं नाही, अशी कारणं आधी येतात, आणि त्यांतली पुष्कळशी दूर करता येतात. रॉथ यांचा धडा विसरून प्रत्येक उदासीला अमिलॉइडचा शिक्का मारला तर आपण 1955च्याही मागे जाऊ.

सिलतऱ्यातलं घर

गोव्याचा हा धडा दुसरीकडे कसा लागू पडेल, हे पाहायला छत्तीसगडात जाऊ. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की काही वेळात सिलतरा येतं. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, ट्रकांच्या रांगा आणि मधूनमधून जुनी गावं. धरसीवा तालुक्यातला हा पट्टा. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात स्थिरावलेली मराठी कुटुंबं रायपुरात आहेत, आणि त्यांच्याही घरांत हा आजार परका नाही. पण सिलतऱ्याच्या आसपासच्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्यांचा विचार करताना दोन गोष्टी विशेष डोळ्यांपुढे येतात. पहिली, हवा. 2020 साली 'लॅन्सेट' आयोगाने प्रदूषित हवेचा समावेश भ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या कारणांत केला. 2024च्या अहवालात अशी 14 कारणं आहेत, आणि ती सगळी दूर झाली तर जगातला निम्म्याच्या जवळपास, 45 टक्के भ्रंश टळू किंवा पुढे ढकलला जाऊ शकतो असा अंदाज आहे. शिक्षणाचा अभाव, बहिरेपण, उच्च रक्तदाब, मधुमेह, नैराश्य, एकटेपण हीही त्याच यादीत आहेत. भट्टीच्या धुराखाली आयुष्य काढलेल्या, शाळा न पाहिलेल्या म्हाताऱ्याच्या वाट्याला यातली कितीतरी एकदम येतात.

दुसरी गोष्ट आशेची आहे. छत्तीसगडात 2002 पासून मितानिन आहेत. प्रत्येक पाड्यावस्तीने आपल्यातूनच निवडलेली बाई, घरोघरी जाणारी, बाळंतपणापासून तापापर्यंत पहिली मदत करणारी. देशभरची आशा योजना 2005 साली आली, त्याच्याही आधीची ही कल्पना. साठ हजारांहून अधिक मितानिन या राज्यात उभ्या राहिल्या. तिला घरात प्रवेश आहे, तिच्याशी सून मोकळं बोलते, म्हातारीचा स्वभाव पूर्वी कसा होता हे तिला ठाऊक असतं. रायपुरात 2012 पासून एम्स आहे, म्हणजे वरचा आधारही जवळच आहे. गोव्यात सल्लागार, समुपदेशक आणि तज्ज्ञ अशी जी साखळी मुद्दाम जोडावी लागली, तिची दोन टोकं इथे आधीपासूनच आहेत. मधला दुवा तेवढा घडवायचा राहिला आहे.

मितानिनच्या हाती आज प्रयोगशाळा देण्याची गरज नाही. दार उघडल्यावर तिने एवढंच विचारावं: गेल्या सहा महिन्यांत यांच्या स्वभावात, झोपेत, वागण्यात नवं काही दिसतंय का, आणि त्याचा तुम्हाला किती त्रास होतोय? उत्तर होय आलं तर आधी रक्तदाब, साखर, कान, डोळे, चालू औषधं पाहिली जावीत. उदासीवर उपचार व्हावेत. त्यानंतरही शंका उरली तर एम्सकडे पाठवावं, आणि तिथे रक्तातल्या खुणेची चाचणी अर्थपूर्ण ठरेल. हा क्रम उलटला, म्हणजे चाचणी आधी आली आणि घरी जाणारं माणूस कधी आलंच नाही, तर हाती पडेल तो फक्त एक भीतीदायक कागद. गोव्यात अशी माणसं घडवायला सुरुवातीला एक आठवड्याचं प्रशिक्षण पुरलं. सिलतऱ्यासाठी तो आठवडा काढणं राज्याच्या आरोग्य खात्याला अशक्य नाही, आणि त्याची मागणी आपण, म्हाताऱ्या आईबापांची मुलं म्हणून, आजच केली पाहिजे.